प्रीसीझन क्रमवारी: सिम चालवून लावावी की रोस्टर मोजून?

ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये, म्हणजे संगणकावरच्या गेममधला एकेक संघ एकेक माणूस चालवतो अशा लीगमध्ये, ओपनिंग डेच्या (हंगामाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीची क्रमवारी लिहायचं काम कुणीतरी अंगावर घेतो, आणि पहिल्याच संध्याकाळी त्याला हा प्रश्न पडतो. सगळ्या संघांची आणि खेळाडूंची नोंद असलेली गेमची फाईल समोर आहे. अख्खा हंगाम शंभर वेळा सिम करून, म्हणजे संगणकाकडून आपोआप खेळवून, सरासरी काढावी, की एकेक रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) उघडून खेळाडूंची बेरीज मांडावी आणि क्रम स्वतः लावावा? आमच्या 24 संघांच्या लीगची क्रमवारी मी सहा हंगाम लिहिली. पहिले तीन सिमवर, नंतरचे तीन हाताने. दोन्ही मार्गांनी मला बरंच शिकवलं. तरीही मी परत सिमकडे वळेन असं वाटत नाही, आणि त्याचं कारण अचूकता नाही.

आधी दोन सोपे मार्ग बाजूला ठेवतो. एक, सगळ्या जीएमकडून, म्हणजे संघ चालवणाऱ्यांकडून, मतं मागवायची. त्यात गेल्या वर्षीचा विजेता पहिला येतो, हिवाळ्यात सगळ्यात मोठा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करणारा दुसरा येतो, आणि मधल्या बारा संघांची रोस्टर कुणी उघडूनही पाहिलेली नसतात. दुसरा मार्ग बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या पायथागोरस सूत्राचा. गेल्या हंगामात केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते ते काढायचं. घातांक 2 ऐवजी 1.83 धरला तर उत्तर आणखी जवळ जातं. पण ते उत्तर गेल्या वर्षीच्या संघाचं असतं, आणि आमच्या लीगमध्ये तरी निम्मा संघ हिवाळ्यात बदललेला असतो. सुरुवातीला नजर टाकायला ठीक, त्यावर क्रम लावायला नाही.

उरले खरे दोन.

सिमच्या मागे चांगली परंपरा आहे. डायमंड माइंड या बेसबॉल गेमचे टॉम टिपेट अमेरिकेतल्या मेजर लीगचा येणारा हंगाम आपल्या गेमवर पुन्हापुन्हा खेळवून त्याची सरासरी प्रसिद्ध करत असत. 2020 मध्ये महामारीमुळे हंगाम अडला, तेव्हा बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाने आउट ऑफ द पार्क बेसबॉल या गेमवर आणि स्ट्रॅट-ओ-मॅटिकने स्वतःच्या गेमवर रोजचे सामने खेळवून गुणतक्ता चालू ठेवला होता. तेव्हा सिमवर क्रमवारी लावणाऱ्याला कुणी आळशी म्हणू नये.

मात्र सिम एकदाच चालवून थांबू नका. समजा, एखादा संघ अगदी मधला आहे, प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा. 162 सामन्यांत त्याच्या विजयांचं प्रमाण विचलन (81 च्या सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) सहाच्या थोडं वर येतं. म्हणजे तंतोतंत सारखे दोन संघ 75 आणि 87 वर थांबले तर त्यात नवल काही नाही. शंभरदा चालवून सरासरी घेतली की हा नशिबाचा भाग एका विजयाच्याही आत येतो. माझ्या अनुभवात साठ-सत्तर फेऱ्यांनंतर क्रम जवळजवळ हलत नाही, शेजारचे दोन संघ फार तर जागा बदलतात. संध्याकाळी चालू करावं, झोपायच्या आधी तक्ता तयार असतो. हाताने तेच काम करायला मला दहा-बारा संध्याकाळी लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट सिम विनासायास करतं, ती म्हणजे वेळापत्रक आणि मैदानं. कठीण विभागातल्या चांगल्या संघाचे तीन-चार विजय कसे झिजतात हे कागदावर पटकन दिसत नाही. हाताने केलेल्या पहिल्या क्रमवारीत मी नेमकं हेच विसरलो आणि उत्तर विभागातल्या तीन संघांना उगाच वर बसवलं. सिमच्या हातून ही चूक झाली नसती.

सरासरीमुळे तक्ता चपटा होतो, हे मात्र वाचणाऱ्यांना आधी समजावून सांगावं लागतं. शंभर हंगामांच्या सरासरीत 100 विजय क्वचितच कुणाला मिळतात. 2001 च्या मरिनर्सचे 116 विजय किंवा 2024 च्या व्हाइट सॉक्सचे 41, असे आकडे एखाद्या हंगामात घडतात, सरासरीत नाही. त्यामुळे माझा संघ फक्त 89 वर का, असे निरोप येतातच. त्याचा मला कधी त्रास झाला नाही.

त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा.

तिसऱ्या हंगामात पश्चिम विभागातल्या एका संघाला सिमने सरासरी 68 विजय दिले. चोवीसात एकविसावा. मी तसंच लिहिलं, खाली दोन ओळी जोडल्या आणि पुढच्या संघाकडे गेलो. त्या जीएमने दोन तरुण खेळाडू, एक थर्ड बेसमन आणि एक डावखुरा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), मुद्दाम ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मोठ्या रोस्टरच्या लगेच खालच्या पातळीवर, ठेवले होते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: मोठ्या रोस्टरवर 172 दिवस भरले की सर्व्हिस टाइमचं (सेवाकाळाचं) पूर्ण वर्ष धरलं जातं, आणि हंगाम त्याहून थोडाच मोठा असतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खेळाडू खाली ठेवला की संघाला त्याच्यावर आणखी एक वर्ष हक्क मिळतो. एप्रिलच्या शेवटी दोघांना वर आणायचं हे त्याचं कधीचं ठरलेलं होतं.

पण सिममध्ये एप्रिलच्या शेवटी फाईल उघडणारं कुणी नसतं. संघ जीएमच्या ताब्यात आहे अशी नोंद असल्याने संगणक रोस्टरला हात लावत नाही, आणि जीएम तर तिथे नाहीच. त्यामुळे शंभरच्या शंभर हंगाम ते दोघं ट्रिपल-एमध्येच बसून राहिले आणि तिसऱ्या बेसवर 34 वर्षांचा उतरणीला लागलेला माणूस सप्टेंबरपर्यंत खेळत राहिला. मे महिन्यात शॉर्टस्टॉपचा खांदा गेला की चार महिने त्याच्या जागी बदली खेळाडूच. ना ट्रेड, ना कुणाला वर बोलावणं.

लीगच्या खऱ्या हंगामात तो संघ 91 जिंकून वाइल्ड कार्डवर (विभाग न जिंकताही मिळणाऱ्या जागेवर) पुढे गेला. जीएमने तक्रार केली नाही. एवढंच विचारलं की, हे दोघं कधी वर येणार हे मी कुणाला विचारलं होतं का? मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती, कारण मला ते माहीत होतं. हे गृहस्थ दर वर्षी तसंच करतात. मला माहीत असलेली गोष्ट मी क्रमवारीत घेतलीच नाही, कारण आकडा सिमने दिला होता आणि तो आकडा मी पुढे ढकलला. ती बोच माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

यावर उपाय करून पाहिला. चाचणीपुरते सगळे 24 संघ संगणकाच्या ताब्यात दिले. आता दुखापती झाल्या की बदल होऊ लागले, पण संघ जीएमचे राहिले नाहीत. काळजीपूर्वक जुळवलेले प्लाटून (समोरचा पिचर डावखुरा की उजवा ते पाहून आलटूनपालटून खेळणाऱ्या जोड्या) मोडले, बचावासाठी ठेवलेल्या सेंटर फील्डरला बसवून तिथे जोरदार फटके मारणारा आणला, आणि एका संघाने तर आपला सर्वोत्तम प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) जुलैत देऊन टाकला. त्या माणसाने तो मरेपर्यंत दिला नसता. एका बाजूला कुणीच न सांभाळलेला संघ, दुसऱ्या बाजूला परक्याने सांभाळलेला. सिम फाईलला क्रम लावतं. ऑनलाइन लीगमध्ये फाईलमागे माणूस असतो, आणि मला त्या माणसासकट संघाबद्दल लिहायचं होतं.

मेजर लीगच्या अंदाजांतही असं घडतं. पेकोटा या अंदाज-पद्धतीने 2015 च्या रॉयल्सना 72 विजय दिले होते. त्यांनी 95 जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही नेली. एवढा फरक एकट्या नशिबाचा नसावा, त्या संघात मोजणीतून निसटलेलं काहीतरी होतं. आमच्या लीगमध्ये निसटतो तो बहुतेक वेळा जीएम. एक जण लीगचे पुढचे सामने चालवण्याआधी दर वेळी नवी लाइनअप पाठवतो, दुखापत झाली की त्याच रात्री जागा भरतो. दुसरा मार्चमध्ये डेप्थ चार्ट (कोणत्या जागी कोण आणि त्याच्यामागे कोण) लावतो आणि जुलैपर्यंत दिसत नाही. दोघांत चार-पाच विजयांचा फरक पडत असावा. हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

आता हाताची पद्धत. प्रत्येक संघाला मी सुमारे 6,100 प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या पाळ्या) आणि पिचिंगच्या 1,450 इनिंग वाटून देतो. सगळी मजा या वाटपात आहे. वरचेवर जायबंदी होणाऱ्या लेफ्ट फील्डरला 600 न देता 400 द्यायचे, उरलेले बाकावरच्या खेळाडूला. एप्रिलअखेर वर येणाऱ्या स्टार्टरला 150 इनिंग, तोवर जो त्याची जागा धरून आहे त्याला 25. मग प्रत्येकाचं डब्ल्यूएआर धरायचं, म्हणजे रिप्लेसमेंट पातळीच्या (सहज मिळणाऱ्या बदली) खेळाडूपेक्षा तो किती विजय जास्त देतो ते. त्यासाठी टॉम टँगोच्या मार्सेल या सोप्या अंदाज-पद्धतीतली वजनं मला पुरतात: गेल्या तीन हंगामांना बॅटरसाठी 5, 4, 3 आणि पिचरसाठी 3, 2, 1, मग सरासरीकडे थोडं ओढायचं आणि वय पाहायचं. शेवटी स्काउटची (खेळाडू पारखणाऱ्याची) रेटिंग तपासायची, कारण सिमच्या जगात आकड्यांखाली रेटिंगच असतं. 20 ते 80 च्या मोजपट्टीवर 50 पॉवरच्या माणसाने गेल्या वर्षी 38 होमर मारले असतील, तर यंदा तेवढे धरू नयेत. बुलपेनवर (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांवर) मी फार वेळ घालवत नाही, सगळे मिळून एक आकडा देतो.

ताळा मात्र जरूर पाहावा. 24 संघांचे विजय मिळून 1,944 च व्हायला हवेत, एकही जास्त नाही. मेजर लीगमध्ये 30 संघांत मिळून 1,000 डब्ल्यूएआर धरलं जातं, त्या हिशोबाने आमच्याकडे 800. नुसत्या रिप्लेसमेंट पातळीच्या संघाला साधारण 48 विजय, त्यावर खेळाडूंची बेरीज. पहिल्या वर्षी माझी बेरीज 871 आली. म्हणजे कुठेच नसलेले 71 विजय मी वाटून टाकले होते. शोधत गेलो तर बहुतेक सगळे नव्या तरुण खेळाडूंकडे निघाले, कारण त्यांचं पोटेन्शियल पाहून मी त्यांचा आजचा खेळ ठरवत होतो. सिमला असा ताळा लागत नाही, तिथे कुणी जिंकला की कुणीतरी हरलेलाच असतो. हाताने करणाऱ्याने ही शिस्त स्वतः पाळावी लागते.

अचूकतेचं विचाराल तर माझ्या आठवणीत दोन्ही पद्धतींनी वरचे चार आणि खालचे चार बऱ्यापैकी बरोबर आले. मधल्या सोळांत दोन्हीकडे सारखाच गोंधळ. पण हाताने केल्यावर प्रत्येक संघाबद्दल सांगायला काहीतरी असतं. 77 विजय का, तर चौथ्या आणि पाचव्या स्टार्टरच्या मिळून 300 इनिंग कुणी टाकायच्या हेच ठरलेलं नाही. सिम 77 सांगून गप्प बसतं. लीगमधले लोक आकडा पाहतात, पण वाचतात ती त्याखालची ओळ.

एक बाब कमी बोलली जाते. तुमच्या लीगमध्ये स्काउटिंगचं धुकं चालू असेल, म्हणजे प्रत्येकाला आपल्या स्काउटच्या नजरेनेच रेटिंग दिसत असतील, तर सिम खऱ्या रेटिंगवर खेळतं. त्याचे निकाल छापले की झाकलेलं थोडं उघडं पडतं. माझ्या दुसऱ्या हंगामात सगळ्यांच्या स्काउटनी मामुली ठरवलेला एक पिचर सिममध्ये फेरीमागून फेरी उत्तम टाकत होता आणि त्याचा संघ अनपेक्षितपणे तिसरा आला. मी नाव लिहिलं. आठवड्याभरात त्याच्यासाठी तीन ट्रेडचे प्रस्ताव गेले. लिहिणारा स्वतः जीएम असेल, जसा मी आहे, तर हा प्रश्न आणखी नाजूक होतो. हाताने केलेली क्रमवारी माझ्याच स्काउटच्या चुका घेऊन येते, पण त्यातून दुसऱ्या कुणाला आयता फायदा होत नाही. माझ्या संघापुरती जागा आणि दोन ओळी मी दुसऱ्या विभागातल्या जीएमला लिहायला देतो.

तरीही काही जणांना मी सिमच सुचवीन. लीग अगदी नवी असेल, पहिला ड्राफ्ट (खेळाडूंची निवड) नुकताच झाला असेल, कोण कसा संघ चालवतो हे कुणालाच माहीत नसेल, तर माणसांबद्दलचं जे ज्ञान माझ्या पद्धतीचा आधार आहे ते तुमच्याकडे अजून नाही. ओपनिंग डे चार दिवसांवर आला असेल तरीही सिमच. फक्त चालवण्याआधी सगळ्या जीएमना एक निरोप पाठवा: ट्रिपल-एमधलं कोण एप्रिलमध्ये वर येणार आहे? ज्यांची उत्तरं येतील त्यांचे खेळाडू फाईलच्या प्रतीत आधीच वर आणून मग चालवा. मी त्या वर्षी एवढं केलं असतं, तर कदाचित आजही सिमवरच असतो.

सध्या आमच्याकडे असं चालतं. मी यादी पूर्ण करून कमिशनरकडे, म्हणजे लीग चालवणाऱ्याकडे, देतो. तो स्वतःपुरतं सिम चालवतो, तक्ता मला दाखवत नाही, आणि दोघांच्या आकड्यांत दहाहून जास्त विजयांचा फरक असलेल्या संघांची फक्त नावं कळवतो, वर की खाली तेही नाही. मागच्या वर्षी तीन नावं आली. एका संघाचा कॅचर जूनपर्यंत जायबंदी यादीत होता, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. दुसऱ्याच्या मैदानाचं माप हिवाळ्यात बदललेलं होतं. तिसरं रोस्टर दोनदा तपासलं, चूक सापडली नाही. तिथे जीएम नवा होता, पण आधीच्या लीगमध्ये मी त्याच्याविरुद्ध खेळलो होतो. तो आकडा मी होता तसाच ठेवला.