फायरफॉक्स ओएस आणि कायओएस: एकाच मुळाच्या दोन गोष्टी

ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन भारतात आला. १,९९९ रुपयांत टचस्क्रीन, आत फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाची नवी फायरफॉक्स ओएस, म्हणजे फोन चालवणारी प्रणाली. तरी कोकणातल्या हर्णै बंदरावर त्याची चर्चा होण्याचं कारणच नव्हतं. रॅम १२८ एमबी, नेटवर्क टूजी आणि अधिकृत व्हॉट्सॲप नाही. मुलगा मुंबईला, बोटीचा तांडेल समुद्रावर, दोघांचेही निरोप व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप नसलेला फोन घ्यायचा कुणी? ॲप वेबच्या भाषेत लिहिलेली, प्रणाली सर्वांसाठी खुली. हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण तो मासळीच्या लिलावात उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला.

त्याच कोडमधून कायओएस निघाली आणि २०१७ च्या जिओफोनमधून घरोघरी पोचली. १,५०० रुपये परत मिळणारी अनामत, फोरजी, ओल्या हातानेही दाबता येणारी बटणं. लोकांनी प्रणालीचं नाव विचारलंच नाही. सुरुवातीला इथेही व्हॉट्सॲप नव्हतं, ते २०१८ मध्ये आलं. पण स्वस्त नेट आणि फुकट कॉल पहिल्या दिवसापासून होते.

माझा कौल स्पष्ट आहे: कोकणातल्या घरासाठी दुसरीच सरस. नवी प्रणाली आणणाऱ्यांनी आयकॉन दाखवण्याआधी दापोलीच्या बाजारात उभं राहून विचारावं, आधीच्या फोनवर न होणारं कुठलं काम यावर होईल?