सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही: रेंज रोव्हर, एक्स५, एमएल की लेक्सस?

दहा वर्षं जुनी लक्झरी एसयूव्ही नव्या साध्या हॅचबॅकच्या भावात दिसली की भलेभले पाघळतात. गाडीची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची नसते. मजुरी तर वाढलेलीच असते, कारण बोल्ट गंजलेले आणि प्लास्टिक हात लावताच पिचणारं. म्हणून या चौघींकडे बघताना माझा पहिला प्रश्न असतो: बिघडलेल्या भागापर्यंत हात पोहोचायला किती गाडी खोलावी लागेल?

या प्रश्नावर रेंज रोव्हर सर्वात आधी नापास होते. पहिल्या पिढीच्या रेंज रोव्हर स्पोर्टची (२००५ ते २०१३) बॉडी वेगळ्या फ्रेमवर बसलेली आहे. टर्बोचं काम निघालं की बरेच मेकॅनिक सरळ अख्खी बॉडीच वर उचलतात. आत हात घालून झटापट करण्यापेक्षा ते सोपं पडतं. टर्बोची किंमत एकीकडे आणि ही उचलापाचल एकीकडे. त्याहून मोठी भीती ३.० लिटर व्ही६ डिझेलच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची. बेअरिंग फिरतं किंवा क्रँक सरळ तुटतो. आधी फारशी सूचना मिळत नाही आणि त्यानंतर दुरुस्ती म्हणजे दुसरं इंजिनच. जुन्या गाडीत तो खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो. ५.० लिटर पेट्रोल व्ही८ घ्यायची असेल तर थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड येते का ऐका. टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळवून ठेवणारी साखळी) जागेवर आणि ताणून धरणारे गाइड आणि टेन्शनर झिजल्याचा तो आवाज. त्याच इंजिनाचे कूलंटचे प्लास्टिक पाइपही चिरतात.

एअर सस्पेन्शनला, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी पिशव्यांवर (बेलो) गाडी तोलण्याला, लोक उगाच एवढे घाबरतात असं माझं मत आहे. खर्च वाढतो तो चुकीच्या क्रमाने दुरुस्ती केल्यामुळे. रबरी बेलोला बारीक चीर पडते, हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी जळतो. मालक नवा कॉम्प्रेसर बसवतो, बेलो तसाच ठेवतो आणि वर्षभरात पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर बेलो आणि कॉम्प्रेसर दोन्हींचा खर्च धरून भाव पाडा.

बीएमडब्ल्यू एक्स५ इथे बरी. ई७० पिढीत (२००६ ते २०१३) एअर सस्पेन्शन असलं तर फक्त मागे, पुढे साध्या स्प्रिंगा. एक्स५चं सगळं गणित इंजिनावर फिरतं. ४.४ लिटर ट्विन टर्बो व्ही८ (एन६३) स्वस्त मिळते आणि ती का स्वस्त आहे हे पंधरा मिनिटांत कळतं. गाडी तेवढा वेळ नुसती चालू ठेवा, मग ॲक्सिलरेटर दाबा. मागून निळसर धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या खाचेत बसवलेले आहेत, त्या धगीत सील कडक होऊन तेल जळायला लागतं. सील स्वतः किरकोळ किमतीचे, काम मात्र कित्येक तासांचं. त्याउलट सहा सिलिंडरचं जुनं डिझेल एम५७ दणकट, आणि त्याची टायमिंग चेन पुढच्या बाजूला आहे. त्याच्यानंतर आलेल्या एन५७ची चेन गिअरबॉक्सच्या बाजूला गेली. तीच चेन, पण ती बदलायला बहुतेक वेळा गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन काढावं लागतं. अशी चेन मागे ठेवणाऱ्या इंजिनिअरला ती बदलायला लावली पाहिजे.

आणखी एक: चार टायर चार कंपन्यांचे किंवा कमी-जास्त झिजलेले दिसले तर सावध. एक्स५च्या ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) ते सोसत नाही. तिच्या ॲक्च्युएटर मोटरमधलं प्लास्टिकचं गिअर झिजतं. वेळेत लक्षात आलं तर तेवढंच बदलून भागतं, दुर्लक्ष केलं तर ट्रान्सफर केसच जाते.

मर्सिडीज एमएलची (डब्ल्यू१६४, २००५ ते २०११) गोष्ट एका रबरी रिंगेत सांगता येते. ओएम६४२ डिझेल व्ही६मध्ये ऑइल कूलर व्हीच्या तळाशी आहे. त्याचे नारिंगी सील कडक होऊन गळतात आणि तेल इंजिनाच्या मागच्या बाजूने खाली झिरपतं. सील नगण्य किमतीचे, पण तिथवर जायला इनटेक मॅनिफोल्ड आणि टर्बो काढावे लागतात, म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी. नंतरचे सुधारित सील जांभळे आले. बिल दाखवा म्हणा. काम झालेलं असेल तर ती गाडी बाकीच्यांपेक्षा जास्त पैसे देऊन घ्यावी. पेट्रोल एम२७२ इंजिनात सुरुवातीच्या वर्षांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) दातेरी चक्र झिजायचं आणि ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं. स्प्रिंगवाली एमएल मिळाली तर एअरमॅटिकच्या (मर्सिडीजचं एअर सस्पेन्शन) मागे लागू नका.

लेक्ससबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, हीच तिची थोरवी. आरएक्स ३५०च्या जुन्या इंजिनांत व्हीव्हीटी-आयच्या (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) तेलाच्या पाइपचा रबरी तुकडा फुटायचा. पूर्ण धातूचा पाइप बसलाय का बघा. वॉटर पंप कधीतरी गळतो. हायब्रिडमध्ये बॅटरीच्या पंख्याची जाळी मागच्या सीटखाली धुळीने तुंबते, ती साफ ठेवली नसेल तर बॅटरी तापून लवकर थकते. मोठ्या एलएक्समध्ये हायड्रॉलिक सस्पेन्शन आहे, तिथे मात्र खर्च लागतो. चालवायला आरएक्स एक्स५च्या जवळपासही जात नाही, हे मान्य करूनच घ्यावी.

तर ठरवायचं कसं? खरेदीनंतर हातात फारसं काही उरणार नसेल तर आरएक्स, दुसरा विचार नको. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवता येत असेल तर एम५७ची एक्स५ किंवा जांभळ्या सीलची एमएल. दोघींत मी एक्स५ घेईन. रेंज रोव्हरसाठी निदान तिसरा हिस्सा आणि घरात दुसरी गाडी हवी. कोणतीही बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, गाडी मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा नाकारून परत निघा.