हतनूर धरणाच्या पाण्यात आठ महिने: 15 एचपी मशीन आणि फळीची उंची

मशीन (होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचं आउटबोर्ड इंजिन) चांगलं आहे. दुसऱ्या ओढीत चालू होतं, ऑइलचं प्रमाण पाळलं तर प्लग काळा पडत नाही. चीड आहे ती बसवण्याची. होडी रिकामी असूनही पूर्ण रेसवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) 4300 च्या वर जाईना (पुस्तकात 4500 ते 5500 आहे), मागून पाणी उसळून आत येई, हँडल जड. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: पंखा बदला. पंख्यात काहीच दोष नव्हता.

शॉर्ट शाफ्टला (आखूड दांड्याच्या मशीनला) मागची फळी मधोमध 15 इंच लागते. ही निघाली सव्वातेरा. होडी काठावर घ्या, मशीन सरळ उभं करा, तळाला लांब पट्टी लावून मागे काढा. पंख्यावरची आडवी प्लेट पट्टीच्या रेषेत, फार तर इंचभर वर हवी. इथे ती पावणेदोन इंच खाली होती, म्हणजे गिअरकेसचा (पंख्याजवळच्या गिअरच्या खोक्याचा) तेवढा जास्तीचा भाग पाण्यात ओढत न्यायचा.

मशीन वर उचलणारी महागडी जॅक प्लेट घेऊ नका, ती मशीनचं वजन आणखी मागे नेते. फळीच्या कडेवर पाऊण इंची सागाच्या पट्ट्या ठेवल्या, आतून-बाहेरून जाड ॲल्युमिनियम पत्रा, आरपार स्टेनलेस बोल्ट. क्लॅम्पची पकड नुसत्या पट्टीवर येता कामा नये, पत्र्यासकट मूळ फळीवर यावी. भोकांत सीलंट भरा, नाहीतर फळी आतून कुजते. खर्च साडेसहाशे.

एक पट्टी: आरपीएम 4700. दोन: 5050, हँडल हलकं, शिंतोडे बंद. तिसरी टाकल्यावर वळणावर पंखा हवा धरू लागला. मशीन किंचाळतं, होडी जागची हलत नाही. काढली.

दोनच बरोबर, हे मत पावसाळ्यानंतर बदललं. चांगदेवकडे, पूर्णा तापीला मिळते तिथे, वाऱ्याच्या लाटा आणि पुढे ओल्या जाळ्यांचं ओझं असलं की मागचा भाग उचलतो आणि दोन पट्ट्यांवरही हवा शिरते. जाळी मागे सरकवा, नाहीतर एकच पट्टी ठेवा. म्हणून पट्ट्या चिकटवू नका, बोल्टवरच ठेवा.

मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बघत राहा. फक्त पूर्ण वेगात बारीक होत असेल तर मशीन जास्त वर गेलंय. हळू चालतानाही बारीक असेल तर तो तापीचा गाळ: बंद करून धारेच्या नळीत बारीक तार घाला. तरी धार आली नाही तर इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचं चक्र) बघा.

साग दबतो, त्यामुळे पहिल्या तासाभरात क्लॅम्प ढिले पडतात. पुन्हा आवळा, आणि मशीन दोरीने होडीच्या कडीला बांधलेलंच असू द्या.