ड्युअल स्टॅक की नुसतं आयपीव्ही ६?

इंटरनेटचे पत्ते जगभर वाटणाऱ्या आयाना या संस्थेच्या कोठारातले आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले. त्यामुळे आयपीव्ही ६ च्या नव्या पत्त्यांकडे जायचं का, यावर आता खल नको. जाताना जुनं बिऱ्हाड सोबत न्यायचं का, एवढंच ठरवायचं आहे: दोन्ही पत्ते शेजारी शेजारी चालवणारं ड्युअल स्टॅक, की आत फक्त आयपीव्ही ६ आणि वेशीवर आयपीव्ही ४ च्या जगाशी बोलायला दुभाष्या, म्हणजे नॅट६४.

मी आधी ड्युअल स्टॅक घेतलं. काही मोडत नाही, कुणी तक्रार करत नाही. आणि नेमकं तेच पुढे मला नडलं.

फायरवॉल लावताना आयपीव्ही ४ च्या सवयीनं मी आयसीएमपी (यंत्रं एकमेकांना चुका आणि चौकशा कळवतात ते निरोप) सरसकट अडवलं. जुन्या जगात हे बरंचसं खपून जातं. आयपीव्ही ६ मध्ये शेजारचं यंत्र शोधण्याचं, म्हणजे पूर्वीच्या एआरपीचं कामही आयसीएमपीव्ही६ कडेच आहे. राउटर मुका झाला, आयपीव्ही ६ ठप्प. पण ब्राउझर हुशार! 'हॅपी आयबॉल्स'च्या रीतीनं ते पाव सेकंदभर वाट पाहतात आणि गुपचूप आयपीव्ही ४ नं जातात. कित्येक दिवस मला पत्ताच नव्हता (हो, शब्दशः). ज्या सर्व्हरला फक्त आयपीव्ही ६ होतं, त्याचा बॅकअप अडला तेव्हा कळलं. शिवाय पत्ता असलेला प्रत्येक नियम दोनदा लिहा आणि एकीकडे विसरा, हे होतंच.

नुसत्या आयपीव्ही ६ वर बिघाड झाला की लगेच बोंब होते. मला ते आवडतं. अडचणी आहेत: एखाद्या प्रोग्रॅममध्ये आयपीव्ही ४ चा पत्ता थेट कोरलेला असेल, तर नावच विचारलं जात नाही आणि नावाच्या बदल्यात आयपीव्ही ६ चा पत्ता बनवून देणाऱ्या डीएनएस६४ ला काही करता येत नाही. तिथे यंत्रातच आयपीव्ही ४ चं आयपीव्ही ६ करून पाठवणारं ४६४एक्सलॅट लागतं. फोनची फारशी काळजी नको. अँड्रॉइडमध्ये ते ४.३ पासून आहे, आणि ॲपलनं जून २०१६ पासून ॲप स्टोअरच्या ॲप्सना नुसत्या आयपीव्ही ६ वर चालणं सक्तीचं केलं. लॅपटॉपचं मात्र आधी तपासून घ्या.

तुमच्याकडे जुनी उपकरणं ढीगभर असतील, तर ड्युअल स्टॅकवरच थांबलात म्हणून मी नावं ठेवणार नाही. माझ्याकडे तसा एकच प्रिंटर उरलाय. त्याला वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा, दिलंय आणि तेवढ्यापुरतं आयपीव्ही ४ ठेवलंय.