बॅकअप टेप खराब झाली: ऑफिसातच प्रयत्न, शहरातलं दुकान, की टेपची लॅब?

टेपवरून रिस्टोअर होत नाही हे लक्षात येतं तेव्हा सर्व्हर आधीच बसलेला असतो. मग भोसरीतला कारखाना असो की सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस, निर्णय घाईतच होतो. पर्याय चार आहेत: स्वतः दुसऱ्या ड्राइव्हवर (टेप वाचणाऱ्या यंत्रावर) वाचून बघायचं, शहरातल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायचं, फक्त टेपचंच काम करणाऱ्या लॅबकडे पाठवायचं, किंवा टेपचा नाद सोडून डेटा दुसरीकडून उभा करायचा. बहुतेक जण दर विचारून ठरवतात. मला ते पटत नाही. बिघाड कुठल्या प्रकारचा आहे हे आधी बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

ऑफिसात प्रयत्न कधी करावा

टेप पडलेली नाही, भिजलेली नाही, कार्ट्रिज हलवल्यावर आत काही खुळखुळत नाही, तरच. तेव्हाही पहिला संशय ड्राइव्हवर घ्यावा. बिनमहत्त्वाची एखादी टेप घालून बघा. तीही वाचली जात नसेल तर क्लीनिंग कार्ट्रिज फिरवा. पिढीही तपासा: एलटीओ ही बॅकअप टेपची प्रचलित जात, आणि नावापुढचा आकडा म्हणजे तिची पिढी. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतात, एलटीओ-८ मात्र फक्त एकच पिढी मागे जातो. म्हणजे 2007 साली आलेली एलटीओ-४ वाचायला ४, ५ किंवा ६ चाच ड्राइव्ह लागतो. अशा वेळी टेप धडधाकट असते, जुना ड्राइव्ह भाड्याने मिळाला की काम होतं.

टेपवर थोडीच जागा खराब असेल तरी बॅकअप सॉफ्टवेअर बहुधा तिथेच थांबतं आणि सगळी टेप बाद ठरवतं. लिनक्स जाणणारा माणूस हाताशी असेल तर खराब जागा ओलांडत पूर्ण टेपची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, डिस्कवर उतरवता येते आणि फायली त्या इमेजमधून काढता येतात. त्याआधी कार्ट्रिजची राइट-प्रोटेक्टची खिट्टी सरकवून घ्या. एक-दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा. दुखावलेली टेप प्रत्येक फेरीत आणखी झिजते.

ऑफिसात हात लावू नये असे प्रकार

टेप तुटली असेल किंवा पुढची पिन (जिला धरून ड्राइव्ह टेप ओढतो ती) निसटली असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. एलटीओ-५ ची टेप 846 मीटर लांब असते, आणि 1280 ट्रॅक लिहायला ती या टोकाकडून त्या टोकाकडे अशी 80 वेळा धावते. त्यामुळे मधे एका जागी तुटली की नुकसान त्या 80 ही फेऱ्यांत पडतं. लॅबमध्ये टेप विशेष पट्टीने जोडतात, दोन्ही बाजूंचं वाचतात, हरवलेल्या तुकड्यांचा हिशेब फाइलवार लावतात. घरच्या चिकटपट्टीने जोडलेली टेप डेटाही घालवते आणि ड्राइव्हचं हेडही.

पाण्याचं तर पुण्यात विशेष सांगायला हवं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, जुलै 2024 मध्ये एकतानगरीत नदीचं. तळमजल्यावरच्या कपाटात टेप ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भिजलेली टेप उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. गाळ वाळला की थरांमध्ये घट्ट बसतो आणि उलगडताना डेटा जपणारा चुंबकीय लेप खरवडतो. डिस्टिल्ड वॉटरने वरची घाण हलकेच धुवून ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि लगेच लॅबकडे रवाना करा.

तिसरा प्रकार चुकून नवा बॅकअप चढल्याचा. नव्या बॅकअपनंतर टेपवर ‘डेटा इथे संपला’ अशी खूण पडते आणि साधा ड्राइव्ह तिच्यापुढे जायला नकार देतो. पुढचा जुना डेटा मात्र जागेवर असतो. ही खूण ओलांडायला खास फर्मवेअर (ड्राइव्ह चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लागतं, ते निवडक लॅबकडेच असतं. लिहिता लिहिता वीज गेली आणि खूण पडलीच नाही, तरी लॅबच गाठावी.

दुकान की लॅब

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हची रिकव्हरी करणारी माणसं शहरात सहज सापडतात, आणि त्यांपैकी काहींचा हात खरंच चांगला असतो. पण टेपची यंत्रं वेगळी, कसब वेगळं. म्हणून विचारा: आमच्या पिढीचा ड्राइव्ह तुमच्याकडे आहे का? कार्ट्रिज तुम्ही उघडता का, की पुढे दुसऱ्याकडे पाठवता? संपल्याच्या खुणेपलीकडचं वाचता का? पैसे घेण्याआधी फायलींची यादी दाखवाल का? उत्तरं गुळमुळीत आली तर टेप उचलून परत आणा. पुढे पाठवणारा मध्यस्थ असेल तर थेट लॅबशी बोलणं बरं, कारण ग्राहकांची माहिती तेवढ्याच कमी हातांतून जाते.

पैसे घालूच नयेत असं कधी

एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एनक्रिप्शनची, म्हणजे डेटा किल्लीने कुलूपबंद करायची, सोय आहे. ते चालू होतं आणि किल्ली हरवली, तर कुठलीही लॅब काही करू शकत नाही. डीगॉस केलेल्या, म्हणजे जोरदार चुंबकाने पुसलेल्या, टेपचंही तेच: हेडला जागा दाखवणारे, कारखान्यात लिहिलेले सर्व्हो ट्रॅकच पुसले जातात. पूर्ण टेप पुसणारी लाँग इरेज चालवली असेल तरी आशा सोडावी.

राहिला चौथा पर्याय, ज्याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. हिशेबाची वह्या-पुस्तकं कंपनी कायद्याने 8 आर्थिक वर्षं जपायची असतात, त्यामुळे टॅलीचा डेटा सीएकडे असण्याची शक्यता बरीच. जीएसटीची अलीकडच्या वर्षांची विवरणपत्रं पोर्टलवर मिळतात. मशीनची ड्रॉइंग, चाचण्यांच्या नोंदी, जुने फोटो यांना मात्र दुसरी प्रत बहुधा नसते. टेपवर काय होतं याची यादी बॅकअपच्या कॅटलॉगवरून काढा, दुसरीकडे मिळणारं खोडा. उरलं त्यात फक्त हिशेबाची पानं असतील तर लॅबचा खर्च मी करणार नाही. ड्रॉइंग असतील तर करेन, आणि पहिला हप्ता फक्त तपासणी व फायलींच्या यादीपुरता ठरवेन.

पाठवताना कार्ट्रिज मूळ डबीत, चारही बाजूंनी जाड फोम, टेप उभी. सोबतच्या कागदावर बॅकअप सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, ड्राइव्हचं मॉडेल आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सगळं लिहा, अगदी फसलेले प्रयत्नसुद्धा.