रिफॅक्सिमिन की लो-फॉडमॅप आहार?

लहान आतड्यात जिवाणू वाढले की दुपारपर्यंत पोट तट्ट फुगतं, कमरेचा पट्टा काचतो. रिफॅक्सिमिनचा कोर्स साधारण 14 दिवसांचा. हे अँटिबायोटिक रक्तात फारसं उतरत नाही, आतड्यातच काम करतं. मात्र आतड्याची चाल मंद असेल तर त्रास पुन्हा डोकं वर काढतो.

लो-फॉडमॅप आहारात आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं टाळतात. त्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांचं खाद्य तुटतं. कांदा, लसूण, गहू 2 ते 6 आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत सुरू. भीतीपोटी हा परतीचा टप्पाच अनेकजण टाळतात आणि उपयोगी बिफिडोबॅक्टेरियाही उपाशी राहतात! वजन घटत असेल तर हा मार्ग नकोच.

निदान पक्कं असेल तर माझा कौल आधी औषधाला, अर्थात डॉक्टरांना विचारूनच.