प्राथमिक शाळेतली समुपदेशन सेवा: फी भरण्याआधी काय बघावं

शहरांतल्या बऱ्याच खासगी शाळा आता पहिली ते चौथीसाठीही समुपदेशक असल्याचं माहितीपत्रकात छापतात. सेवा गरजेचीच आहे. पण समुपदेशक ताई वर्गात आणि मैदानावर किती दिसतात, यावर या सेवेचा कस लागतो. सात वर्षांचं मूल ‘मला भीती वाटते’ असं क्वचितच म्हणतं. त्याच्या पोटात दुखतं, तेही नेमकं सोमवारी सकाळी. खोलीत बसून राहणाऱ्या ताईंपर्यंत ते पोटदुखणं पोचतच नाही.

काम नीट चालतं तिथे वर्गशिक्षिका आधी लेखी नोंद देतात. ताई दोन-तीनदा वर्गात मागे बसतात, मधल्या सुट्टीत मूल कुणाबरोबर डबा खातं ते बघतात. मग पालकांची लेखी संमती घेऊन भेटी सुरू होतात. या वयाला 20-25 मिनिटं पुरतात. बाहुल्या, शाडूची माती, चेहऱ्यांची कार्डं एवढं सामान हवं. भेटीसाठी खेळाचा किंवा चित्रकलेचा तास बुडवला, की मुलाला ती शिक्षा वाटते. ही चूक सर्रास होते.

लिहिण्याच्या अडचणीत या सेवेचं मोल खरं कळतं. फळ्यावरचं हुबेहूब उतरवणारा मुलगा श्रुतलेखनात मात्रा गाळतो, ‘घर’चं ‘धर’ करतो आणि वहीवर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. जाणत्या ताई आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगतात, दोन-तीन महिन्यांच्या वह्या शेजारी ठेवून त्याच त्या चुका शोधतात आणि मगच अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित जड जाण्याच्या, चाचणीचं नाव काढतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता येते, पण तिचं प्रमाणपत्र सरकारमान्य वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळतं. पहिलीतल्या मुलावर पहिल्याच भेटीत ‘डिस्लेक्सिया’चा (वाचन-लेखनाच्या अक्षमतेचा) शिक्का मारणाऱ्या शाळेपासून सावध राहा.

सगळ्यांत मोठं नुकसान व्यवस्थापन करतं. शिक्षक रजेवर गेले की त्यांचे तास ताईंच्या गळ्यात पडतात. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना 250 मुलांमागे एक समुपदेशक असावा असं सुचवते. आपल्याकडे अनेक ठिकाणी अख्ख्या शाळेला एकच ताई, त्यात वर हे बदली तास. शिवाय ‘थांब, ताईंकडेच पाठवते’ ही धमकी एकदा वर्गात रुळली, की ज्याला जायचं असतं तेही मूल जात नाही.

मूल सांगतं ते ताईंनी शिक्षकखोलीत बोलायचं नसतं. मात्र लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी, कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट बघायची नसते. प्रवेश घेतानाच विचारा: अशी गोष्ट समोर आली तर कोण कळवतं, कुणाला, किती वेळात? ‘आधी आम्ही आपसात बोलून घेतो’ असं उत्तर आलं, तर दुसरी शाळा बघा.